होळीत गेलेला साकव

म्युनिसिपालिटीचा वकील म्हणून माझं उभं आयुष्य एकच वाक्य म्हणण्यात गेलं: चूक आमची नाही. कुणी गटारात पडो, कुणाच्या अंगावर कंदिलाचा खांब कोसळो, मी उठायचो आणि फिर्यादीनं नीट बघून चालायला हवं होतं, असं सांगायचो. रत्नागिरीत खड्ड्यांना तोटा नव्हता, त्यामुळे मलाही कशाची ददात नव्हती.

एका शिमग्यात बाजाराच्या वाटेवरचा, वहाळावरचा साकव नाहीसा झाला. म्युनिसिपालिटीचा तांबडा नंबर घातलेल्या दोन जाड फळ्यांचा पूल तो, पोरांनी होळीसाठी उचलून नेला. आमच्याकडे होळीसाठी चोरलेल्या लाकडाची तक्रार करायची नसते. केलीच तर सगळा गाव दारात येऊन तुमच्या नावानं बोंब मारतो. त्यामुळे कुणी कळवलं नाही. पहाटेच्या अंधारात मासळीची पाटी डोक्यावर घेऊन एक खारवीण रोजच्या सवयीनं आली आणि थेट वहाळात गेली. मांडीचं हाड मोडलं. घरात कमावती ती एकटीच. तिनं दावा लावला.

आमचा बचाव माझा फार लाडका होता. साकव गेल्याचं म्युनिसिपालिटीला ठाऊकच नव्हतं, मग जबाबदारी कसली? बाई काठी टेकत पिंजऱ्यात उभी राहिली. तेव्हा मी गप्प बसलो असतो तर जिंकलो असतो. पण वकिलाची जीभ ती! मी ऐटीत विचारलं, "साकव गेल्याचं आमच्या प्रेसिडेंटसाहेबांना कुणी कळवलं होतं का, बाई?"

"कळवायचं कशाला, वकीलभाव? मला नको, माझ्या डोळ्यांना इचारा! मला उचलून होळीवरनं नेलानी, तवा अर्धा जळका फळा तितंच व्हता, तुमचा तांबडा नंबर तसाच. आनि होळी पेटवायचा मान कोनाचा? तुमच्या सायबांचाच ना! सोताच्या हातानं पेटवलानी."

मुन्सफसुद्धा हसले. मागे बसलेले प्रेसिडेंटसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "धूर फार होता हो."

दावा बाईनं जिंकला, आणि खरं सांगतो, मला आनंदच झाला. डोक्यावर पाटी घेणं मात्र तिला पुन्हा जमलं नाही. म्युनिसिपालिटीनं तिथं चिऱ्यांचा पक्का साकव बांधला, तेव्हा ती त्याच्याच तोंडाशी बसून बांगडे विकू लागली. मी कोर्टात निघालो की भर रस्त्यात हाक मारायची, "वकीलभाव, इचारा ना काय तरी!"

मी काहीच विचारत नसे. बांगड्यांचा भावसुद्धा नाही.