चष्मा काढून आरशात बघणारी माणसं

अंगावरून वारं गेलं आणि मामाचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा मामी चष्म्याच्या दुकानात बसायला लागली. तोवर तिने तिथे पाऊल ठेवलं होतं ते फक्त डबा द्यायला. काचा घासून बसवायला एक कारागीर ठेवला. मामा मागच्या खुर्चीवरून त्याच्या हातांकडे बघत बसायचा. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम मामीचं.

समोर नुकतंच एक मोठं, झगझगीत दुकान उघडलं होतं. आमच्याकडे येणारे चारपाच फ्रेमा लावून बघायचे आणि "घरी विचारून येतो" म्हणून जायचे. परत कोणी यायचं नाही.

"गिऱ्हाईक म्हणजे अळवावरचं पाणी," मामा म्हणायचा.

मामी नुसती बघत राहायची. महिन्याभरात तिच्या ध्यानात आलं की नवी फ्रेम लावायची तर जुना चष्मा काढावा लागतो, आणि तो काढला की माणसाला आरशातलं धड दिसतच नाही. आरशाला नाक टेकेपर्यंत लोक पुढे वाकायचे, डोळे किलकिले करायचे, पण दिसत नाही असं कबूल करायचे नाहीत. सोबत बायको किंवा मुलगी असली तर ती म्हणायची, "ही छान दिसते," आणि खरेदी व्हायची. एकटं आलेलं माणूस रिकाम्या हाताने जायचं.

"यांना सांगणारं कोणी नसतं हो," ती मामाला म्हणाली.

"नंबर बरोबर दिला की आपलं काम संपलं." आजारानंतर मामाची जीभही जड झाली होती, तो मोजकंच बोलायचा.

एका दुपारी चित्रकलेचे निवृत्त मास्तर आले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सहा फ्रेमा लावल्या, सहाही परत ठेवल्या.

"पसंत नाही पडली का एखादी?"

"ते ही सांगायची," मास्तर म्हणाले. "आता दोन महिने झाले तिला जाऊन." आणि ते उठले.

"बसा जरा," मामी म्हणाली. तिने त्यांना खिडकीजवळच्या उजेडात बसवलं, एकेक फ्रेम लावून मोबाइलवर फोटो काढले. मग त्यांचा जुना चष्मा त्यांच्या हातात दिला. "आता बघा. सावकाश."

मास्तर बराच वेळ बघत राहिले. "एवढा वाळलो मी?" ते हळूच म्हणाले. मग चौथ्या फोटोवर बोट ठेवलं. "ही. तिला हीच आवडली असती."

त्या दिवसापासून खिडकीजवळची खुर्ची कायमची झाली. लोक फोटो बघायचे, लांब राहणाऱ्या मुलांना पाठवायचे, तिथल्या तिथे उत्तर यायचं. ज्यांचं कोणीच नव्हतं त्यांना मामी खरं ते सांगायची. "ही नको, गाल बसलेले दिसतात." वर्षभरात दुकान सावरलं.

मग फ्रेमा पुरवणारा एजंट म्हणाला, "वहिनी, यातला एखादा फोटो मोठा करून काचेत लावा. रस्त्यावरचं माणूस थांबेल." मामीने मास्तरांचा निवडला.

"त्यांना विचारलंस?" मामाने विचारलं.

"त्यात काय विचारायचं? किती सुंदर आलाय."

आठ दिवसांनी मास्तर काडी घट्ट करून घ्यायला आले आणि बाहेरच थांबले. मामी हसत दारात गेली. मास्तर हसले नाहीत.

"बाई, हा फोटो काढलात त्या दिवशी मी तिला शोधत होतो," ते म्हणाले. "ते तुम्ही दुकानाच्या काचेत लावलंत?"

मामीला माफी मागायचंही सुचेपर्यंत ते रस्ता ओलांडून गेले होते. तिने स्वतः स्टुलावर चढून फोटो उतरवला. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकासमोर त्याचे फोटो पुसून टाकायचे असा तिने नियम केला.

मास्तर पुन्हा आले नाहीत. सातआठ महिन्यांनी त्यांची पुतणी नव्या नंबरचा कागद आणि त्यांचा चष्मा घेऊन आली. "काका आता जिना उतरत नाहीत. फ्रेम तीच ठेवा म्हणाले, काचा तुमच्याकडूनच."

चष्मा तयार झाल्यावर मामी तो स्वतःच घेऊन गेली. तीन मजले चढून दार वाजवलं. मास्तरांनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि बाजूला झाले. ते पलंगावर बसल्यावर तिने चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, कानामागे काडी जरा वाकवली, पुन्हा बसवून बघितली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मास्तरांनी उशाचं वर्तमानपत्र उचलून चार ओळी मोठ्याने वाचल्या. मग म्हणाले, "खालच्या मजल्यावरच्या आजीही घराबाहेर पडत नाहीत. त्यांचा चष्मा सारखा घसरतो. जाता जाता बघाल?"

मामी खाली उतरली आणि आजींचं दार वाजवलं. अजूनही दर गुरुवारी ती दुकान मामावर सोपवून, हत्यारांची लहान पेटी घेऊन लोकांचे जिने चढते.