दारावरचा लाल हातमोजा

आर्विड लाहतीला दार ठोठावायची सवयच नव्हती. एकतीस वर्षं त्याने सरकारी रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. समोर बर्फ आला की पातं खाली करायचं आणि घुसायचं, एवढंच त्याला ठाऊक. घरातही तसंच. न्हाणीघर असो, तळघर असो, हा आपला धाडकन आत. मार्लिस म्हणायची, "लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण या माणसाने माझं दचकणं काही थांबू दिलं नाही."

मार्लिस म्हणजे त्याची बायको, आणि माझी मैत्रीण. अकरा वर्षं आम्ही विम्याच्या एका कचेरीत शेजारी शेजारी बसलो. आमच्या उत्तर मिनेसोटात हरणं गाडीला आडवी येतात, गाड्या फुटतात, माणसं फोन करून रडतात नाहीतर शिव्या देतात, आणि ते सगळं ऐकून घ्यायचं आमचं काम. एका टेबलावर डबे खाल्ले, एका बरणीतल्या काकड्या खाल्ल्या. तिच्या पाठीचं दुखणं मला तिच्या डॉक्टरच्या आधी कळायचं.

मग कंपनीने कचेरीच बंद केली. घरून काम करा म्हणाले. हवं तेव्हा उठा, हवं तेव्हा बसा, तुम्हाला मोकळीक. मोकळीक कसली डोंबलाची! कॉम्प्युटरवर प्रत्येकाच्या नावापुढे एक बारका दिवा. माऊस हलत असेल तर हिरवा. दहा मिनिटं हलला नाही की पिवळा. आणि ते पिवळे दिवे मोजायला आमच्या निम्म्या वयाचा साहेब, ट्रॉय. फोन करून गोडीत विचारायचा, "मार्लिस, मंगळवारी सतरा मिनिटं पिवळी होतीस. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे ना म्हणे!" मार्लिस मला म्हणाली. "संडासात किती वेळ बसले त्याचा हिशोब द्यायचा का आता याला?"

त्यांच्या घरात वरच्या मजल्यावरची शिवणाची खोली ती तिची कचेरी झाली. पहिल्याच हिवाळ्यात आर्विडने घोळ घातला. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून त्याने हातभर मासा पकडला होता. ओले कपडे खाली काढून टाकले, आणि नुसत्या लांब आतल्या विजारीत, मासा शेपटीला धरून, हा धाडकन वर. "मार्ली, बघ केवढं धूड मिळालंय!" पडद्यावर आम्ही चौदा जण मीटिंगला बसलेलो. मी तर हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. ट्रॉय हसला नाही. त्याने मार्लिसच्या नावावर लेखी ताकीद लावली.

त्या संध्याकाळी ती रडली आणि नवऱ्यावर ओरडली. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती आणि दोघांचा आजारपणाचा विमा, औषधपाणी सगळं त्या नोकरीवर. तिने लाल लोकरीचा एक हातमोजा दाराच्या मुठीला अडकवला. "हा दिसला की आत यायचं नाही. काही झालं तरी नाही."

आर्विड फार ओशाळला होता. म्हणाला, "घराला आग लागली तरी उघडणार नाही, शप्पथ."

"आग लागली तर ठोठाव," मार्लिस म्हणाली, आणि मग दोघंही हसले. हे मला तिनेच सांगितलं.

आणि खरं सांगते, त्याने शब्द पाळला. जन्मभर दारं ढकलणारा माणूस त्या लोकरीच्या चिंधीपुढे मान खाली घालून उभा राहायला शिकला. दुपारी बारा वाजता टोमॅटोचं सूप आणि भाजलेलं चीज सँडविच ताटलीत घालून दारापाशी ठेवायचा आणि पाय न वाजवता खाली यायचा.

आता माझं पाप सांगते. माऊसखाली काटेवालं घड्याळ ठेवलं तर सेकंदाच्या काट्याने माऊसला वाटतं आपण हलतोय, आणि दिवा हिरवाच राहतो. एकदा चुकून माझा माऊस घड्याळावर राहिला होता, तेव्हा मला हे कळलं. मी कुठे गप्प बसणार? त्याच दिवशी मार्लिसला सांगितलं. तिने खणातून आर्विडच्या वडिलांचं खिशातलं चावीचं घड्याळ काढलं. "सासरे चाळीस वर्षं लोखंडाच्या खाणीत राबले," ती म्हणाली, "मेल्यावरही सुटका नाही बिचाऱ्यांची."

मग तिला जरा सुख लागलं. घड्याळ लावायचं, हातमोजा काढून खिशात घालायचा, खाली जाऊन नवऱ्याबरोबर कॉफी प्यायची, पाव मळायचा. आर्विड म्हणायचा, "तुझी नोकरी आहे का पेन्शन?" पण घड्याळाचं तिने त्याला सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहायचं नाही, पेट्रोल पंपावर सगळ्या गावाला सांगून आला असता.

फेब्रुवारीतला गुरुवार. सव्वानऊला ती पडद्यावर माझ्याशी बोलली. कपाळ हाताने दाबून धरलं होतं.

"डोकं ठणकतंय गं, रोंडा. घड्याळ लावते आणि पंधरा मिनिटं कोचावर पडते."

"पड खुशाल. ट्रॉयला मी बघते."

हे आमचं शेवटचं बोलणं. अकरा वाजता मी लिहिलं, 'उठलीस का गं कुंभकर्णे?' उत्तर नाही. म्हटलं झोपू दे, दिवा हिरवा आहे. एक वाजता ट्रॉयने विचारलं, "मार्लिस उत्तर का देत नाही?" मी ठोकून दिलं, "एक गिऱ्हाईक दीड तास तिचं डोकं खातंय. हरणाची केस." त्याने हिरवा दिवा पाहिला आणि गप्प बसला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. हो, वाटलं. खोटं कशाला बोलू!

तिकडे आर्विडने बाराला ताटली ठेवली. हातमोजा मुठीवर होता. दीडला येऊन पाहिलं तर सूपला साय धरलेली. त्याला वाटलं काम जास्त आहे. त्याने सूप खाली नेलं, गरम केलं आणि पुन्हा आणून ठेवलं. तीनच्या सुमाराला दारासमोर उभा राहून दोनदा खाकरला. आतून काही नाही. मुठीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, एकेक पायरी, जणू कोणी उलटतपासणी घेतंय.

सहाला त्याने ठोठावलं.

ती कोच आणि टेबल यांच्या मधे पडली होती. श्वास चालू होता. डुलुथच्या इस्पितळातून त्याने मला फोन केला, मागे गाड्यांचा, माणसांचा गलका. "रोंडा, डॉक्टर विचारतायत, ती शेवटची धड कधी होती. तुला दिसतं ना तिथे? दिवा कधीपर्यंत हिरवा होता?"

मी पाहिलं. चारला दहा कमी असताना पिवळा झाला होता. तसं सांगितलं. 'पण घड्याळ' हे शब्द माझ्या घशापर्यंत आले होते. मी ते गिळले. का गिळले? आधी नोकरीची भीती वाटली, हे कबूल करते. आणि मग वाटलं, सांगितलं तर सकाळपासून आपण काय केलं तेही सांगावं लागेल.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो पाहिले आणि म्हणाले, मेंदूतली ही गुठळी दुपारची नाही, सकाळची आहे. ती विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच चालतं, आता उपयोग नाही. लवकर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आर्विड त्यांच्याशी भांडला. "तिच्या कंपनीत नोंद आहे! चारला दहा कमीपर्यंत ती कामावर होती!"

शनिवारी ती गेली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि बटाट्याच्या भाजीची भांडी मांडलेली, आणि आर्विड प्रत्येकाचा हात धरून तेच सांगत होता. "मी पुन्हा पुन्हा दारापर्यंत गेलो होतो. पण तेव्हा ती आत कामच करत होती. चारला दहा कमीपर्यंत." लोक मान डोलावत. माझाही हात धरला. म्हणाला, "तुझ्यामुळे एवढं तरी कळलं. नाहीतर मी वेडा झालो असतो." माझ्या हातातला केक मला खाली ठेवता येईना.

त्या दिवसापासून मी माऊसखाली घड्याळ ठेवलं नाही. पिवळी तर पिवळी.

तिसऱ्या सोमवारी सकाळी आठ वाजता मी कामाला बसले आणि मार्लिसचा दिवा हिरवा झाला.

कंपनीने तिचं नाव अजून काढलं नव्हतं, जवळजवळ तीन आठवडे बंद कॉम्प्युटरच्या करड्या रंगात तसंच पडून होतं. आता त्याच्यापुढे हिरवा दिवा. मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. हिरवाच. भूतबीत मी मानत नाही, आमच्या घरात कोणी मानलं नाही. पण 'उठलीस का गं' हे माझं शेवटचं वाक्य त्या नावाखाली अजून तसंच होतं, आणि मला वाटलं आता त्याखाली उत्तर उमटणार. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. दिवा एकदाही पिवळा झाला नाही. जिवंत माणसाचा इतका वेळ हिरवा राहत नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते घड्याळ कोणीतरी पुन्हा लावलंय.

मी तशीच उठले. बाहेर बर्फ पडत होता, चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं, रेडिओवर सांगत होते घराबाहेर पडू नका. त्यांचं घर माझ्यापासून चाळीस मैल. दोन तास लागले. एकदा गाडी फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली.

आर्विडने दार उघडलं. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. मला पाहून त्याला नवल वाटलं नाही. म्हणाला, "ये. बूट काढ. सूप ठेवलंय."

टेबलाजवळ कंपनीने पाठवलेली रिकामी पेटी होती, कॉम्प्युटर परत भरून द्यायला. जिन्यातून वरचं दार दिसत होतं, बंद, आणि मुठीवर तो लाल हातमोजा.

"पेटी भरायला वर गेलो होतो," तो पळी फिरवत म्हणाला. "बाबांचं घड्याळ मिळालं, माऊसखाली. बंद पडलेलं. किती वाजता, माहितीये? चारला वीस कमी."

मी वाकून बूट भिंतीला लावून ठेवले.

"आधी वाटलं, बाबांची आठवण म्हणून जवळ ठेवत असेल. मग आठवलं, तिने मला एकदा सांगितलं होतं. दहा मिनिटं हलवलं नाही की पिवळा होतो. वीस कमी आणि दहा मिनिटं." त्याने पळी खाली ठेवली. "रात्र रात्र झोप नाही, रोंडा. म्हणून आज तिच्या कागदावरचा परवलीचा शब्द घालून कॉम्प्युटर चालू केला. घड्याळाला चावी दिली, तिथेच ठेवलं आणि दार लावून खाली आलो. सकाळी आठला. त्यानंतर वर गेलो नाहीये. आता एकच सांग, आणि खरं सांग. तुझ्याकडे तिचा दिवा हिरवा होता का?"

त्याचे डोळे माझ्यावर होते. त्या माणसाचं उरलेलं आयुष्य माझ्या एका शब्दावर टांगलं होतं. हो म्हटलं तर ती बाराला तशीच पडलेली होती, तो सूप घेऊन दारात उभा होता तेव्हा. दीडला. तीनला, मुठीपर्यंत हात गेला होता तेव्हा.

"नाही," मी म्हणाले.

"एकदाही नाही?"

"पिवळा होता. सारा वेळ पिवळा. त्या घड्याळाने काही होत नाही, आर्विड. तू उगाच जिवाला घोर लावून घेतोस."

त्याने हळूच मान हलवली. खांदे जरा खाली आले. मला वाटलं, जमलं. देवा, जमलं. तो वाडगा घ्यायला वळला आणि खिडकीपाशी थांबला. बाहेर माझी गाडी चाकांपर्यंत बर्फात होती आणि तिच्यामागचा रस्ता पुसून गेला होता. एकतीस वर्षं तो अशाच हवेत बाहेर पडलेल्या माणसांना गाड्यांतून ओढून काढत आला होता.

"बर्फ काढायचा ट्रक फिरलाय का रस्त्यावर?" त्याने विचारलं.

"नाही. अजून नाही."

"चाळीस मैल," तो म्हणाला. खिडकीतून नजर न काढता, अगदी मऊ आवाजात. "मग तू आलीस कशाला, रोंडा?"

मी टेबलाची कड धरून बसले. मला त्याला सगळं सांगायचं होतं, सव्वानऊचं, अकराचं, हरणाच्या केसचं. पण तोंडातून फक्त रडू आलं.

तो माझ्यावर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने गॅस बंद केला, वाडग्यात सूप ओतलं आणि जिना चढायला लागला, पाय न वाजवता. मी खालून ऐकत होते. वाडगा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने दार ठोठावलं. थांबला. पुन्हा ठोठावलं, जरा जोरात.

दार काही त्याने उघडलं नाही.