चौकशीच्या दिवशीचं जेवण

पाहुणचारासारखी वाईट खोड नाही, असं मी म्हणते तेव्हा घरातले हसतात. हसू देत. त्यांनी कधी चौकशी अधिकाऱ्याला जेवू घातलेलं नाही.

नव्वदीच्या दशकात मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. घर नाशकात, इंदिरानगरला. आठवडाभर गावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडायचे. शाळेला सरकारी पैशातून एक नवी खोली मिळाली आणि तिच्यात माझा चौथीचा वर्ग बसवला. वर्ष होत नाही तोच छताला मधोमध फुगवटा आला. एका सकाळी पोरं प्रार्थनेला बाहेर उभी असताना पोळपाटाएवढा तुकडा खाली आला. आत गंजलेल्या सळया दिसत होत्या. मी त्याच दिवशी वर्ग देवळाच्या ओट्यावर हलवला आणि ठेकेदाराविरुद्ध तक्रार दिली.

तक्रार द्यायचं बळ मला सरपंचांनी दिलं. ते मला बहीण मानत, भाऊबीजेला मी त्यांना ओवाळलंही होतं. भर ग्रामसभेत म्हणाले, "बाई, तुम्ही लिहाच. पोरांच्या जिवाचा प्रश्न हाय. मी हाय ना मागं." ठेकेदारानं वाळू-विटांचं काम त्यांच्या ट्रॅक्टरला न देता बाहेरच्याला दिलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण माणसाच्या रागाचं मूळ खणत बसू नये, राग आपल्या कामाचा असला म्हणजे झालं, एवढीच माझी तेव्हाची अक्कल.

चौकशीचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी सरपंच स्वतः माझ्या खोलीवर आले, हातात मळ्यातली वांगी. म्हणाले, "साहेब लांबून यायचे. गावात खानावळ नाय. उपाशी धाडले तर गावाची लाज जाईल. तुमच्या हातचं भरीत-भाकरी होऊ द्या." मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आमच्या घरी पोस्टमनसुद्धा चहा घेतल्याशिवाय परत गेलेला नाही.

साहेब सज्जन होते. शिडी लावून वर चढले, हातोडीनं ठोकून ठोकून छत पाहिलं, सिमेंटचे तुकडे पिशवीत भरले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही खोली पाडावीच लागेल." मी तर हवेतच. जेवायला मात्र ते नको म्हणत होते, डबा आणला होता त्यांनी. सरपंचांनी हाताला धरून त्यांना माझ्या खोलीवर आणलं, पाटावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि "बाईंच्या हाताला लय चव हाय" म्हणत मागून मागून भाकरी खाल्ली. मी वाढत होते. फार समाधान वाटलं होतं मला त्या दुपारी.

दोन महिन्यांनी दुसरेच साहेब आले. पहिली चौकशी रद्द झाली होती. चौकशी अधिकारी तक्रारदाराच्या घरी जेवले, तेव्हा त्यांचा अहवाल एकतर्फी आहे, असा ठेकेदाराचा आक्षेप होता.

"जेवू घातलंत का?" नव्या साहेबांनी विचारलं.

"घातलं. सरपंचांनीच सांगितलं होतं. ते पण जेवले. विचारा त्यांना."

"त्यांचाच जबाब आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही आग्रह करकरून साहेबांना घरी नेलंत, असं ते सांगतात."

साहेबांनी दारातूनच मान वर करून छत पाहिलं, हातोडी मागितली नाही, पाणीही घेतलं नाही. लगेच जीपमध्ये बसले.

मी तडक सरपंचांचं घर गाठलं. दारात वाळूनं भरलेला ट्रॅक्टर उभा होता. गावच्या समाजमंदिराचं काम त्याच ठेकेदाराला मिळालं होतं आणि वाळू आता ह्यांची चालली होती. त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"भाऊ, हे काय केलंत?"

"काय खोटं बोललो, बाई? तुम्ही जेवू घातलं नाय का?"

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक मी ऐकले होते. माझ्याच ताटात जेवून माझाच केसानं गळा कापणारा भाऊ पहिल्यांदा पाहत होते. संताप असा आला की रडूसुद्धा येईना. पाणी न पिता उठले.

संक्रांतीनंतर हुकूम आला. खोली वापरण्यास योग्य आहे, वर्ग ताबडतोब आत घ्यावा. मी पोरांना आत नेलं. नोकरी होती, दुसरं काय करणार? हजेरी घेताना सरपंचांच्या मुलीचं नाव पुकारलं तर उत्तर नाही.

"बाई, ती आता पिंपळगावच्या शाळेत जाती," तिची मैत्रीण म्हणाली. "तिच्या पप्पानी कालच नाव घातलं."

वर्षाच्या मध्येच! ज्यांच्या जबाबावर खोली चांगली ठरली, त्यांना स्वतःच्या लेकीला मात्र त्या छताखाली बसवायचं नाही. बाकीच्या पोरांचे बाप तर मजुरीला गेलेले, त्यांना कोण विचारतो? उरलेल्या पोरांना मी भिंतीकडेनं बसवलं आणि मधली जागा मोकळी ठेवली.

वर्ष संपलं आणि माझी बदली मालेगावकडे झाली. माझ्या जागी आलेल्या गुरुजींना मी छत दाखवलं, पोरांना मध्ये बसवू नका म्हणून विनवलं. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाबरता काय, बाई? ह्या खोलीची तर दोनदा चौकशी झाली आहे."