सहाव्या खुर्चीचं पाणी

शिवकांता एकोणीस वर्षांची झाली आणि अंधशाळेच्या गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, "आजी, हिची शाळा संपली. आता हिला घेऊन जा."

"कुठं?" मी विचारलं.

शिवकांता माझी नात. आईबाप लहानपणीच गेले आणि डोळ्यांनी तर जन्मापासूनच दिसत नाही. मुखेडकडच्या आमच्या गावी नेली असती तर ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहिली असती. मी आहे तोवर ठीक, पण माझ्या मागं तिला तांब्याभर पाणी कोणी दिलं असतं? मी दुसरी शिकलेली बाई, पण एवढं मला कळतं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेरी नवी आणि साहेबही नवे, खुर्च्या मात्र कुठून कुठून गोळा केलेल्या. निम्म्यांच्या बैठकी फाटल्या होत्या. साहेब लोक भोकावर पुठ्ठा टाकून जिल्हा चालवत होते. शाळेत शिवकांता वेताची बैठक विणायला शिकली होती, म्हणून गुरुजींनी कचेरीचं सामानसुमान बघणाऱ्या नाझरांना, अर्जुनरावांना गाठलं. ते म्हणाले, सहा दिवसांत सहा खुर्च्या विणून दाखवा. जमलं तर जिल्हाभरच्या खुर्च्या हिच्याकडं देतो.

आम्ही शाळेजवळ एक खोली घेतली. पहिल्या दिवशी तिला हात धरून नेलं खरं, पण समोरून जीप आली की मीच तिच्या मागं लपत होते. कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात ती विणायला बसली आणि मी खांबाला टेकून. एवढे पुरुष ये-जा करायचे. मी एकेकाकडं डोळे वटारून बघायची.

नाझर आले. "आजी, विणतंय कोण? ती का तुम्ही?"

"मला सुईत दोरा ओवता येईना, साहेब."

"ते मला कसं कळावं? बसायचं तर बसा. पण कामाला तुमचा हात लागला की परीक्षा खलास. मग दोघींनी मुखेडची यष्टी धरायची."

त्यानंतर मी पाच दिवस दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. पाच खुर्च्या झाल्या. वेत रोज शाळेतून ओल्या पोत्यात गुंडाळून यायचा. तो ओला का, हे मी विचारलंच नाही.

सहाव्या दिवशी शाळेचा बोअर आटला आणि वेत कोरडाच आला. शिपाई ग्यानोबानं कुठूनशी अर्धी बादली पाणी आणून त्यात तो टाकला आणि शिवकांता आत जुनी बैठक सोडवायला गेली. मी जरा डुलकी काढून उठले. बघते तर नितळ पाण्यात वेताच्या काड्या पडलेल्या. आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा, त्याच्यापुढं बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि इथं काड्यांना आंघोळ. काड्यांवरची धूळ निघाली असेल, असं वाटलं. मी पाणी घागरीत ओतलं. वेत कुजू नये म्हणून उन्हात पसरून ठेवला आणि घागर घेऊन घरी गेले. शेजारच्या शरणम्माच्या वासराला निम्मं पाजलं, उरलेल्यात भांडी विसळली. स्वतःवर लई खूश होते.

परत आले तर शिवकांता रिकाम्या बादलीत हात घालून बसलेली. बोटातून रक्त येत होतं. कोरडा वेत वळवायला गेली आणि तो काडकन मोडला.

आमच्यात आजीला अव्वा म्हणतात. ती म्हणाली, "अव्वा, पाणी कुठं हाय?"

मी सांगितलं. सांगता सांगता रडायलाच लागले. चार वाजता नाझर येणार होते आणि दोन वाजून गेले होते.

"रडू नको," ती म्हणाली. "व्हरांड्यातल्या रांजणाला ग्यानोबाकाका ओलं पोतं गुंडाळतेत. जाता-येता हाताला गार लागतंय. ते मागून आण."

ग्यानोबा आधी कुरकुरला. "साहेबांचं पाणी तापलं म्हंजे मला तापवतील." मग दिलं. तिनं वेत त्या पोत्यात घट्ट गुंडाळून मांडीखाली दाबून धरला. तो नरमेपर्यंत तास गेला. मग तिची बोटं अशी धावायला लागली की मला बघवेना.

चार वाजता नाझर आले तेव्हा खुर्ची अर्धीच झाली होती.

"ही का राहिली?"

बोलावं तर माझा हात लागल्याचं कळणार. न बोलावं तर पोरगी कामाची नाही असं ठरणार. शिवकांतानं तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हणाले, "साहेब, पाणी मी नेलं. वेत मी वाळवला. तिनं काही केलं न्हाई."

नाझरांनी विणलेला भाग अंगठ्यानं दाबून बघितला. मग पोत्याकडं बघितलं. "हे कुणी शिकवलं, पोरी?"

"कुणी न्हाई. शाळेतून वेत असाच यायचा."

त्यांनी खुर्ची भिंतीकडं सरकवली.

"राहिलेली उद्या पुरी कर. परवापासून तहसीलच्या खुर्च्या येतील."

"आणि मी, साहेब?"

"तुमचा हात लागला की परीक्षा खलास म्हणलं होतं. तुमची झाली. उद्यापासून आजी घरी."

दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन एकटीच निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत तिची काठी ऐकू आली, मग जीपच्या आवाजात बुडाली. मी उंबऱ्यावर बसून राहिले. हॉर्न वाजला की उठायचे, पुन्हा बसायचे. सावली भिंतीवर चढली तरी ती येईना. जिल्हा झाल्यापासून किती मोटारी वाढल्यात, हे त्या दिवशी मला कळलं.

दिवे लागायच्या वेळेला ती आली. काठी कोपऱ्यात ठेवली.

"अव्वा, जेवलीस का?"

"हाव, कवाच."

तिनं दुरडीवरचं फडकं उचललं आणि भाकरी हातानं चाचपल्या. सकाळी चार केल्या होत्या. दोन ती घेऊन गेली होती, दोन तशाच होत्या. एक मोडून निम्मी माझ्या हातावर ठेवली.