शिट्टी बदलली

जाफराबादच्या ष्ट्यांडाजवळ बिरू मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे, एक लिंब आणि त्याखाली बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जीप. बाप धुळाजी मेंढरं राखायचा. कळपातलं कोणतं मेंढरू बिघडलंय हे तो नुसत्या खोकल्यावरून सांगायचा. पोरानं तोच कान इंजिनाला लावला. एक्क्याऐंशी साली हातात पाना घेतला तेव्हापासून, पेचकसाचं एक टोक इंजिनावर अन् दुसरं कानावर टेकवून बिरूनं अख्ख्या तालुक्याच्या जिपा दुरुस्त केल्या.

त्यात एक उद्योगही केला, खोटं कशाला सांगू? डिझेलच्या पंपाला कंपनी शिशाचं सील मारून द्यायची, म्हणजे त्याला कोणी हात लावू नये. बिरू ते सील पकडीनं कट्कन तोडायचा अन् आतला स्क्रू जरासा फिरवायचा. मग पंधरा माणसं कोंबलेली जीपही धूर ओकत चढ चढून जायची. ड्रायव्हर खूश, बिरू त्याहून खूश. "कंपनीवाल्याला आपले रस्ते काय माहीत!" असं वर ऐकवायचा.

दोन हजार पाच साली त्याचा जुना दोस्त बद्रीनाथ टर्बोची नवी गाडी घेऊन आला. बद्रीनाथ पिंपळगाव रेणुकाईचा, घरचा बरा शेतकरी. दोघांची दोस्ती पहिल्या जिपेपासूनची. त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. ओळखीचं सील नाही, स्क्रू नाही, नुसता वायरींचा गुंता अन् एक चपटी पेटी.

"ह्यो कम्प्युटर," बद्रीनाथ म्हणाला. "डिझेल किती सोडायचं, टर्बोनं हवा किती कोंबायची, समदं ह्योच ठरवतो. तुझी पकड आता खुंटीला टांग, बिर्‍या."

बिरू हसला खरा, पण मनात चरकला. त्या पेटीला त्यानं कधी बोट लावलं नाही. भ्यायचाच म्हणा ना! ऑइल, फिल्टर, ब्रेक, बस. गाडी चालू असली की मात्र डोळे मिटून टर्बोची शिट्टी ऐकायचा. बारीक, सरळ, गुणाची शिट्टी होती ती.

दिवाळीला बद्रीनाथची लेक बेबीनंदा औरंगाबादहून माहेरी आली, सोबत जावई. बेबी लहानपणी बिरूच्या गॅरेजात टायरात बसून खेळलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, अन् त्यातले सहा महिने तिनं बापाच्या घरीच काढले होते. का, तर बद्रीनाथ जेवताना सहज बोलून गेला होता, "जावईबापू, जरा कामधंद्याचं बघा." झालं! जावई ताटावरून उठला, तो सहा महिने बायकोला न्यायलाच आला नाही. तेव्हापासून त्या घरात जावयापुढं कोणी मोठ्यानं बोलत नसे. असल्या माणसानं "गाडी चार दिवस नेतो" म्हटल्यावर त्याला नाही कोण म्हणणार?

चार दिवसांनी जावयानं गाडी ष्ट्यांडावर आणून सोडली, तसा बिरू बसल्या जागेवरून उठला. शिट्टी बदलली होती. चिरकी, ओढलेली. त्यानं जावयाला बाजूला घेऊन विचारलं.

"औरंगाबादला लॅपटॉप जोडून कम्प्युटर वाढवून घेतला, डिझेल-हवा दोन्ही जास्त," जावई ऐटीत म्हणाला. "पिकअप बघा आता! सासर्‍यांना सांगायचं काही कारण नाही."

बद्रीनाथ गाडी न्यायला आला तेव्हा बिरू त्याला एवढंच म्हणाला, "भाऊ, टर्बो लई जोर करून राह्यलाय."

"तुझा कान म्हातारा झाला," म्हणत बद्रीनाथ निघून गेला.

पंधरा दिवसांत टर्बो गेला. जालन्याच्या शोरूमनं कम्प्युटर तपासला अन् लिहून दिलं, आतली सेटिंग बाहेरच्या कुणीतरी बदलली आहे, गॅरंटी मिळणार नाही. बद्रीनाथ तो कागद घेऊन तडक गॅरेजात आला. नेमका त्याच दिवशी जावई बेबीला न्यायला आला होता. दोघं तिथंच, पिशव्या घेऊन औरंगाबादच्या बसची वाट पाहत उभे होते.

"जिंदगीभर लोकांची सीलं तोडली, बिर्‍या. मंग माझीबी तोडलीस?"

"म्या?" बिरू म्हणाला. "भाऊ, मी तर त्या..."

त्याची नजर बेबीवर गेली. लहानपणी ग्रीसचा डबा सांडला की ती अशीच बघायची, काका, सांगू नका म्हणून. जावई भलतीकडंच बघत होता.

"तू न्हाई तर मंग कुणी केलं?" बद्रीनाथ कडाडला, आणि त्याची मान हळूच जावयाकडं वळायला लागली.

"मीच केलं, भाऊ," बिरू घाईनं म्हणाला. "चुकलो."

बद्रीनाथनं ते लगेच खरं मानलं. चोवीस वर्षांच्या दोस्ताला, अरे, तुला ते येतं तरी का, एवढंसुद्धा त्यानं विचारलं नाही. बिरूच्या काळजाला घरं पडली ती तिथं.

"माझ्या गाडीला पुन्हा हात लावू नको," बद्रीनाथ म्हणाला. बस आली. बेबी नवर्‍यामागं चढली, अन् खिडकीतून काकाकडं बघून तिनं डोळ्याला पदर लावला.

बद्रीनाथनं पदरचे पैसे घालून जालन्याला नवा टर्बो बसवला, कम्प्युटर पहिल्यासारखा करून घेतला, अन् त्यानंतर गाडी तिथंच दाखवायला सुरुवात केली. इकडं ड्रायव्हर लोक मात्र बिरूकडं यायला लागले, "मिस्त्री, आमचाबी कम्प्युटर वाढवा की!" काय बोलावं आता! न येणार्‍या कामाचं नाव झालं अन् येणारं काम गेलं. बिरू त्यांना हाकलून द्यायचा.

संक्रांतीला बेबी अन् जावई आल्याचं त्याच्या कानावर आलं. जावयानं गाडी पुन्हा दोन दिवस नेल्याचंही आलं. तिसर्‍या दिवशी दुपारी बिरू पंक्चर काढत बसला होता, अन् लांबून ती शिट्टी आली. चिरकी, ओढलेली.

तो हातातलं टाकून रस्त्यात धावला. "भाऊ, थांबा! कम्प्युटर आजच पयल्यासारखा करून आणा, न्हाईतर टर्बो जाईल!"

बद्रीनाथनं काच वर घेतली अन् गाडी बाजूनं काढली.

या खेपेला बिरूनं दोन महिने गाडीला हात लावला नव्हता, हे अख्ख्या ष्ट्यांडाला ठाऊक होतं. टर्बो जाणार, शोरूमचा कागद निघणार, आणि आता मीच केलं म्हणून ओरडला तरी कोणी मानणार नव्हतं. जावयाचं नाव निघणार, अन् बेबी पुन्हा माहेरी पडणार.

"बेबे, आता मी काय करू गं," तो भर रस्त्यात उभा राहून म्हणाला. मागून एसटीवाला हॉर्न देत होता.