ग्यांत्सेच्या दारात घेतलेलं नाव

या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर थट्टाच करत आले आहे. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या दारावर थाप पडते... वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी हसायचं. मी दुबईजवळच्या फुजैराच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. अमावस्येला नखं कापते, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालते. आणि तरीही नवऱ्याला ‘अहो’च म्हणते. आईने घातलेलं वळण, दुसरं काय! शेवट गोड आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे घाबरट वाचकांनीही निश्चिंत वाचावं.

हे २००९ मधलं. मंदीचा क्रॅश झाला दुबईत, पण त्याची धूळ फुजैरापर्यंत आली. आमचे ‘हे’ बंदरावर तेलाच्या टाक्यांच्या प्रोजेक्टवर इंजिनियर होते. प्रोजेक्ट थांबला आणि कंपनीने ह्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. परत कधी बोलावणार, असं विचारलं की मॅनेजर ‘इन्शाल्ला’ म्हणायचा. आमच्या बिल्डिंगमधली कितीतरी मंडळी बायका-मुलांना पुण्या-मुंबईला पाठवून मोकळी झाली होती. हे दिवसभर बाल्कनीत उभे राहून लांबवर नांगर टाकलेली जहाजं बघत बसायचे, आणि मला ते बघवत नसे.

तिबेटची ट्रिप त्याआधीच ठरली होती. आम्ही दोघं आणि खालच्या मजल्यावरचे सावंत, म्हणजे मिलिंद आणि अंजली. आमची मुलगी रिया नववीत होती, ती मैत्रिणीकडे राहणार होती. मी म्हटलं, कॅन्सल करू या. तर हे म्हणाले, “वर्षभर जो तो मला नको म्हणतोय. एखादा डोंगर तरी हो म्हणेल. यल्ला, जाऊन येऊ!”

काठमांडूहून ल्हासा, आणि ल्हासात थोडे दिवस काढून ग्यांत्से. वाटेत ते प्रसिद्ध निळं तळं लागलं, जवाची कापणी चाललेली दिसली. ग्यांत्से मला पाहताक्षणी आवडलं. टेकडीवर किल्ला, खाली पांढऱ्या घरांची गल्ली, आणि दर दारात चक्क गाय बांधलेली. अंजली म्हणाली, “अगं, ही तर आमची सावंतवाडी!” फक्त सावंतवाडीत श्वास घ्यायला हवा असते. इथे चार हजार मीटरवर चार पायऱ्या चढलं की बोलताना शब्द तुटत होते.

ह्यांना त्रास होतोय का, हे मी सारखी विचारत होते. उत्तर ठरलेलं... “छे, मस्त आहे.” सकाळी नाश्त्याला नुसता काळा चहा घेतला. आमचा गाइड पासांग मोठा दक्ष मुलगा. त्यानेही विचारलं, “सर, हेडेक?” ह्यांनी अंगठा वर केला. आता मला कळतं, की ‘तुम्ही खाली थांबा’ हे वाक्य त्या वर्षी आणखी एकदा ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

दुपारी आम्ही तिथला मोठा स्तूप बघायला गेलो. एकावर एक चढत गेलेले मजले, प्रत्येक मजल्यावर लहान लहान देवळ्या, म्हणजे देवघरासारख्या खोल्या, आत रंगवलेल्या भिंती आणि तुपाच्या दिव्यांचा वास. बाहेरच्या गच्चीवरून प्रदक्षिणा घालायची आणि जिन्याने वर जायचं. मधमाशांसारखी माणसं या देवळीतून त्या देवळीत जात होती. वारा इतका, की सगळ्यांनी नाका-तोंडावर मफलर गुंडाळलेले. अंजली पुढे, मागे मी, आणि पुरुष फोटो काढत रेंगाळलेले.

आता इथे आमच्या लोकांची एक गंमत सांगायला हवी. मंडळाच्या गणपतीत एका बाईने ‘अहो’ म्हटलं की सहा नवरे माना वळवतात. मी न बघता मागे हाक मारली, “अहो, येताय ना?” मफलरमधून धापा टाकत आवाज आला, “आलोच गं, चल तू पुढे!” सगळे नवरे हे वाक्य एकाच सुरात म्हणतात. माझं समाधान झालं. पुढच्या मजल्यावर पुन्हा तेच: मी “अहो?”, मागून “आलोच!”

वरच्या जिन्याचं दार बुटकं आणि अंधारं होतं. अंजली वाकून आत गेली. दारात एक म्हातारी उभी होती, काळा पायघोळ झगा, रंगीत पट्ट्यांचा एप्रन, हातात जपमाळ. अंजलीला तिने बाजूला होऊन वाट दिली. मी पाऊल टाकलं, तर तिने दोन्ही हात चौकटीला लावले आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाली,

“नाव घे गं. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही.”

मराठीत. स्वच्छ मराठीत. लग्न होऊन पहिल्यांदा सासरच्या उंबऱ्यावर उभी राहिले तेव्हा बायकांनी जसं अडवलं होतं, अगदी तस्संच. मी घाबरले वगैरे नाही हो. मला आधी हसू आलं, आणि चक्क लाजलेच! उखाणा काही आठवेना. म्हातारी जागची हलेना. शेवटी मी मागे वळले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले, “शिरीष! ऐका तरी या आजी काय म्हणतायत!”

मागच्या माणसाने मफलर खाली केला. ते मिलिंद होते.

“वहिनी, तुम्ही? मला वाटलं अंजली हाक मारतेय... शिरीष तर मला खालच्या मजल्यानंतर दिसलाच नाही.”

 मी तशीच फिरले. धावू नकोस असं पासांगने शंभरदा बजावलं होतं, तरी धावले. दुसऱ्या मजल्यावर, गर्दीच्या उलट्या बाजूला, एका बंद देवळीच्या भिंतीला टेकून शिरीष बसला होता. ओठ निळे. जॅकेटचं बटण लावायचा प्रयत्न करत होता आणि जॅकेटला चेन होती. छातीतून पाणी खळखळल्याचा आवाज येत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “टँकर धक्क्याला लागला का?”

मी त्याला ‘अरे’ म्हटलं, ‘अहो’ म्हटलं, शिव्यासुद्धा घातल्या बहुतेक. पासांग आणि मिलिंदनी त्याला उचलून खाली आणलं. गाडीत ऑक्सिजन होता, तो लावून आम्ही थेट शिगात्सेचं हॉस्पिटल गाठलं. फुप्फुसात पाणी भरलं होतं, मेंदूवर सूज यायला सुरुवात झाली होती. डॉक्टर बोलत गेले आणि पासांग हळूहळू इंग्लिशमध्ये सांगत गेला, की आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिले असते तर पुढे काही करता आलं नसतं. आणि वरचे सगळे मजले आम्ही आरामात बघणार होतो. तास तर सहज गेला असता.

त्या म्हातारीबद्दल मी पासांगला विचारलं. तो हसला. “मॅडम, ती रोज येते. गावाबाहेर कधी गेली नाही. आमच्या भाषेत ‘ना-गी-दू’ म्हणजे दुखतंय, आजारी आहे. ती तेच म्हणाली असेल.” मिलिंदनाही काहीतरी पुटपुटल्यासारखंच ऐकू आलं होतं. झालं, मिळालं की स्पष्टीकरण! ‘ना-गी’चं मी ‘नाव घे’ केलं. पण शिरीष आजारी आहे हे तिला वर दारात उभं राहून कसं कळलं? तो बसला होता ती बाजू तिथून दिसतच नव्हती. बरं, पुढचं ‘आत सोडणार नाही’ कुठल्या भाषेतलं?

तब्येत सुधारल्यावर आम्ही परतलो. दुबई एअरपोर्टच्या बाहेर पडलो आणि ती दमट, चिकट, इतकी वर्षं मी जिला नावं ठेवली ती गरम हवा अंगावर आली. शिरीषने छाती भरून श्वास घेतला, काहीही आवाज न होता. मी पार्किंगमध्ये भर माणसांत ढसाढसा रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पुढे ती नोकरी गेलीच. मग लांब, मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये लहानशी मिळाली, आठवड्यातून एकदा घरी येणं व्हायचं. लोक हळहळायचे. मला मात्र ते कधी संकट वाटलंच नाही.

रियाला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “ममा, इट्स जस्ट हायपॉक्सिया. युअर ब्रेन मेड इट अप.” असेल बाई. मी फिजिक्सची शिक्षिका, ऑक्सिजन कमी पडला की मेंदू काय काय ऐकतो हे मला मान्य आहे. पण माझ्या मागून येणारा माझा नवरा नाही, हे माझ्या मेंदूला माहीत नव्हतं. तो तर ‘आलोच गं’ ऐकून खुशाल वर निघाला होता.

आज इतक्या वर्षांनी, खरं सांगायचं तर, मी उत्तर शोधणं सोडून दिलंय. कुणी म्हणतं भास, कुणी म्हणतं देवी. मला एवढंच माहीत आहे, की त्या दारात सगळ्यांना वाट मिळत होती आणि एका बाईने मला तेवढं आत सोडलं नाही.