मामाची हाळी

मंडळी, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि माझ्या धंद्यात तो ठेवून चालतही नाही. ड्रोनला लावलेल्या माइकमधला गोंगाट काढून टाकायचा, हे माझं काम. रेकॉर्डिंगमध्ये कुणाला 'कुजबुज' ऐकू आली की मी हसायचो... पंख्यांचा आवाज पुसताना सॉफ्टवेअर कधीकधी स्वतःच माणसासारखे आवाज तयार करतं.

गेल्या उन्हाळ्यात डिंभ्याला माझा मामा बेपत्ता झाला. धरणाचं पाणी मागे सरलं की तिथल्या गवतावर मेंढरं घेऊन तो आणि मामी मुक्कामाला असायचे. चुकलेलं कोकरू शोधायला दुपारी डोंगराकडे गेला, तो परतलाच नाही. दोन दिवस गावकऱ्यांनी रान पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसचा ड्रोन मागून घेऊन पोचलो. मामा कुठे पडून कण्हत असेल तर वरून ऐकू येईल, एवढीच आशा.

आधी मोकळ्या पाण्यावर नुसता पंख्यांचा आवाज रेकॉर्ड केला. मग घळींवरून ड्रोन फिरवला आणि त्या रेकॉर्डिंगमधून पंख्यांचा आवाज वजा केला. एका घळीवर बारीकसं काहीतरी उरलं... "हिर्र्र... चला गं बायांनो." मामा मेंढरांना अशीच हाळी घालायचा! पण सॉफ्टवेअरचा भरवसा कुणी द्यावा? मी मामीला ऐकवलं.

"मला नको इचारू, लेकरा. मला तर वाऱ्यात बी ह्यांचीच हाळी ऐकू येती. मेंढरांना इचार."

मामाच्या धाकट्या भावानं दोन दिवस मेंढरांना घसा फोडून हाका मारल्या होत्या, तरी ती जागची हलली नव्हती. मी स्पीकरवर ती हाळी लावली. भर उन्हात एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी असलेली ती मेंढरं धावत लॅपटॉपपाशी आली. मामी रडता रडता हसली. ह्ये जित्ते हायेत म्हणाली...

आम्ही पळतच घळीत उतरलो. मामा खडकाखाली पडला होता. डॉक्टर म्हणाले, गेला त्याच दिवशी जीव गेला असणार. म्हणजे मी ड्रोन उडवला त्याच्या दोन दिवस आधी! घळीत दुसरं कुणी नव्हतं. ती फाइल मी पुन्हा पुन्हा तपासली, ऑफिसमधल्या जाणत्यांना दाखवली.

तेराव्यानंतर मामीनं मेंढरं विकायला काढली. पण टेम्पोत एकही चढेना. शेवटी तिनं मला ती हाळी लावायला सांगितली. मेंढरं मुकाट्यानं एकामागून एक चढली. टेम्पो गेल्यावर मामी म्हणाली,

"आता पुसून टाक ते. मेंढरं मार्गी लागली. ह्यांना बी आता बसू दे... लई पायपीट झाली."

मी पुसलं, सगळीकडून. त्यामुळे पुरावा मागू नका, तो माझ्याकडे नाही. पटेल असं कारणही आजवर सापडलेलं नाही. मामाचा आवाज आता कशातच उरला नाही, हे मात्र फार लागतं.